न पाहिलेली भिंत

इंगोले ओव्हरसियर कुणाशी गोड बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते गोड बोलले असते तर वाशीममधल्या मालकांनी मान डोलावून त्यांना वाटेला लावलं असतं आणि घरं होती तशीच राहिली असती, हेही खरं. त्यांचे उपकार मानावेत की त्यांना शिव्या द्याव्यात, हे इतकी वर्षं झाली तरी माझं ठरत नाही. आज लिहायला बसले आहे तर कल शिव्यांकडे आहे, एवढं आधीच सांगून टाकते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी वाशीमला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हतं, अकोल्याचा एक तालुका होतं. कोयनेचा भूकंप होऊन काही वर्षं लोटली होती. इंगोले त्या वेळी सरकारी बांधकाम खात्यात होते आणि तिकडे ढिगारे उपसण्यापासून नवी घरं उभी करण्यापर्यंतच्या कामावर राहून आले होते. नंतर ते आमच्या नगरपालिकेत आले. पावसाळ्याआधी गावातल्या धोक्याच्या इमारती पाहायच्या आणि मालकांना काय करायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. आधीचे ओव्हरसियर रस्त्यावरून पाहत, ओट्यावर चहा घेत आणि पुढच्या घरी जात. इंगोले मात्र पावसासाठी इमारत पाहतच नव्हते. ते भूकंपासाठी पाहत.

"भूकंप वाशीमले कायले येईन, साहेब?" लोक हसून विचारायचे.

"कोयनेवाले बी असेच हासत होते," ते म्हणायचे. "मी त्याइलेच उपसलं."

अंगानं वाळके, चालणं लांब ढांगांचं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात खडू. घरात शिरले की भिंतीकडे आधी बघायचेच नाहीत. विचारायचे, "इथं कोन झोपते?" मालक सांगायचा, आई झोपते. मग इंगोले खिशातून खडू काढून त्या भिंतीवर ठळक अक्षरात लिहायचे, 'आई'. पुढच्या खोलीत पुन्हा तोच प्रश्न. तिथं 'गजानन', पलीकडं 'धाकटी सून'. ज्या भिंतीखाली जो मरेल त्याचं नाव त्या भिंतीला. सगळं घर असं नावानिशी लिहून झालं की हात झटकून मालकाला म्हणायचे, "आता सांगा, कोनती भिंत आधी घ्यायची?"

नावं ओल्या फडक्यानं पुसली जायची, पण नाव पुसलेल्या भिंतीखाली अंथरूण घालायचा कुणाला धीर व्हायचा नाही. आठवडाभरात मालक पालिकेत हजर. घरमालकाला निर्णय घ्यायला मदत करायची, असं त्यांच्या कामाचं सरकारी भाषेतलं वर्णन होतं. मदत म्हणजे ही.

आमच्या शाळेत आले तेव्हा मी इतिहास शिकवत होते. मागची भिंत मधोमध फुगली होती. आमच्याकडच्या जुन्या भिंती म्हणजे बाहेरून एक दगडाचा पदर, आतून एक, आणि मध्ये माती नि खडे. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड कुणी टाकायचं नाही. वर्षांनी दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोट काढते. इंगोल्यांनी भिंतीवरून हात फिरवला, मग बाकांच्या मधून सावकाश चालत आले आणि बोट दाखवत म्हणाले, "ही रांग गेली. ही अर्धी गेली. ह्या दोघी दारापाशी हायेत, ह्या वाचतीन, पन लंगड्या."

वर्ग रडायला लागला. मी त्यांना दंडाला धरायचंच बाकी ठेवून व्हरांड्यात नेलं. म्हटलं, "तुम्हाला जराही लाज नाही का?"

"शाळेच्या कमिटीले सांगून सांगून माहं तोंड दुखलं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "कमिटीच्या पोरी अमरावतीले शिकतात. आता ह्या पोरी रडत घरी जातीन, अन् ह्याइचे बाप उद्या कमिटीच्या दारात बसतीन."

तसंच झालं. दिवाळीच्या सुट्टीत भिंत खोलून बांधली, आरपार दगड बसले, कोपऱ्यांतून लोखंडी सळ्या टाकून बाहेरून पट्ट्या आवळल्या. माझं भांडण फुकट गेलं, कारण ते बरोबर होते. पण दारापाशी बसणाऱ्या त्या दोघींतली पुष्पा पुढं वर्षभर एक पाय वर्गाच्या बाहेर ठेवून बसायची. तिला मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. ती पाय आत घ्यायची आणि मी फळ्याकडे वळले की पुन्हा बाहेर काढायची.

दुसरी गोष्ट कापडवाल्या हरिभाऊंची. तिकडची घरं धाब्याची, म्हणजे लाकडी सऱ्यांवर काड्या अंथरून वर मातीचं छत. गळू नये म्हणून दर वर्षी मृगाआधी खारी माती आणून धाब्यावर पसरायची, चोपायची. जो घराची काळजी घेतो तो दर वर्षी माती टाकतो. जुनी कुणी काढत नाही. हरिभाऊ तर गावातले सगळ्यात टापटिपीचे. त्यांच्या आजोबांपासून एकही वर्ष माती चुकलेली नव्हती, आणि भर पावसात त्यांच्या घरात एक थेंब पडायचा नाही, याचा त्यांना फार अभिमान.

इंगोले शिडीनं धाब्यावर चढले आणि त्यांनी पहार मातीत घुसवली. खाली उभ्या हरिभाऊंना वरून सांगत होते, आणि गल्लीभर ऐकू जात होतं. "ही तुमी टाकलेली. ही तुमच्या बापानं. हा आजा लागला. अजून पहार जाऊनच राह्यली, हरिभाऊ, खाली कोन हाय सांगा."

हरिभाऊ म्हणाले, "साहेब, कधी कुचराई केली नाई म्या."

"तेच त सांगून राह्यलो. शेजारचा तुमचा भाऊ दारू पेते, त्याच्या धाब्यावर माती नाई. जमीन हालली त त्याच्या डोक्यात धूळ पडीन. तुमच्या डोक्यात तीन पिढ्या पडतीन. तुमचं घर गळनार नाई, एकदम खालीच येईन."

हरिभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. उन्हाळाभर त्यांनी खाट घरातल्या उघड्या चौकात टाकली, आणि शेवटी माती उतरवून घरावर पत्र्याची टिनं घातली. उतरवलेल्या मातीचा ढीग गल्लीत इतका उंच झाला की त्याच्या आड समोरचं दुकान दिसेना. पुढच्या वैशाखात टिनांखाली अंगाची लाही होऊ लागली तेव्हा हरिभाऊ रोज सकाळी ओट्यावर बसून इंगोल्यांच्या नावानं बोटं मोडायचे. इंगोले तिथून जाताना थांबून ऐकायचे. म्हणायचे, "मेलेला मानूस शिव्या देत नाई, म्हनजे माहं काम बरोबर हाय."

ते बौद्ध होते, जऊळक्याचे. घराघरांत त्यांना चहा मिळायचा, पण काचेच्या वेगळ्या ग्लासात. तो ग्लास बाहेरच्या कोनाड्यात राहायचा. इंगोले चहा प्यायचे, ग्लास विसळायचे आणि आपल्या पिशवीत टाकायचे. मालक गांगरून म्हणायचा, "साहेब, ग्लास..." इंगोले म्हणायचे, "दुसरं कोनी याच्यात पेते का? नाई न? मंग माहाच झाला." पालिकेतल्या त्यांच्या खोलीत खिडकीच्या फळीवर असे ग्लास रांगेनं मांडलेले होते. मालक कामासाठी आला की इंगोले त्याला चहा पाजायचे, आणि तो त्याच्याच घरच्या ग्लासात. प्यावा तर लागायचाच. मी एकदा तिथं बसले असताना गावातले एक वजनदार गृहस्थ तो चहा पीत होते. त्यांचा घोट घशाखाली जाईना आणि इंगोले समोर बसून त्यांच्याकडे प्रेमानं बघत होते.

वाशीममध्ये ते राहत नसत. रोज जऊळक्याहून गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाशीमातल्या कोनत्या छताखाली झोपू, तुमीच दाखवा." खरं म्हणजे त्यांनी सुरुवातीला खोली शोधली होती. ज्या गल्लीत पाहिजे तिथं कुणी दिली नव्हती. दोन्ही कारणं खरी होती, आणि त्यांना आवडेल ते ते सांगायचे.

ही जीभ ते फक्त परक्यांवर चालवत असं मात्र नाही. केनवडला त्यांचे मामा होते. जन्म कुडाच्या घरात गेलेला, म्हणजे काड्यांच्या भिंतीला मातीचा लेप दिलेल्या घरात. मुलगा नोकरीला लागला तेव्हा मामांनी पडक्या गढीचे दगड आणून घर बांधायला काढलं आणि वर जाड धाबं घालायचं ठरवलं. सरे आले, माती आली, भाचा अधिकारी म्हणून त्यालाच मुहूर्ताला बोलावलं. इंगोल्यांनी तिथंच काम थांबवलं. टिनं घाला, नाही तर कुडातच राहा, कुड पडला तर झटकून उठता येतं, असं चारचौघांत सुनावलं. मामा म्हणाले, "सारं गाव आमाले हेच म्हनत आलं, कुडातच राहा. आता तू बी?"

हे त्यांनी स्वतःच आमच्या व्हरांड्यात बसून हसत हसत सांगितलं. मी विचारलं, "मग?"

"मंग काय, मामा माह्याशी बोलत नाई. टिनाखाली जिता हाय. जित्या मानसानं नाई बोललं तरी चालते."

आता ज्या घरासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या घराकडे येते. मी किसनकाकाजींकडे भाड्यानं राहत होते. पुढं त्यांचं अडतीचं दुकान, मागं गोदाम, मग माजघर, शेवटी स्वयंपाकघर आणि मोरी. माझी खोली दुकानाच्या वर. काकाजी विधुर. सणाला मला ताट पाठवणारे, मी आजारी पडले तर डॉक्टर घेऊन येणारे. त्यांना वाईट माणूस म्हणणं मला आजही जमत नाही. मुलगा रमेश अबोल. आणि सून सुमन, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. ती जऊळक्याच्या मास्तरांची मुलगी. घरात बोलणारं माणूस एक तीच. दुपारी मला हाक मारायची, "बाई, या न खाली, भिंतीसंगं बोलून बोलून कटाळली मी."

हरिभाऊंची माती उतरलेली पाहून काकाजींनी आपणहून इंगोल्यांना बोलावलं. दुकान पाहून झालं, गोदाम झालं, माजघरात भिंतीवर 'काकाजी' आणि 'रमेश' लिहून झालं. काकाजी हसले. मग इंगोले स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले आणि काकाजी पटकन पुढे होऊन चौकटीला हात लावून उभे राहिले.

"इथपर्यंत ठीक हाय साहेब. पुढं काई नाई, सैपाकघर हाय."

"सैपाकघराले भिंत नाई का?"

"हाय न. तुमी बाहेरून पाहून घ्या."

"बाहेरून तुमी बी चांगले दिसता," इंगोले म्हणाले.

काकाजींचा हात हलला नाही. त्यांचा आवाजही चढला नाही. आतून सुमनचा आवाज आला, "दादा, मी मास्तरची सुमन. वळखलं का?" इंगोल्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. ते म्हणाले, "वळखलं." मग काकाजींकडे वळून त्यांनी सांगितलं, "जे पाह्यलं त्याचं सांगतो. जे पाह्यलं नाई ते तुमी अन् तुमची भिंत."

त्या दिवशी ते माझ्याशी पायरीवर बसून मास्तरांबद्दल बोलले. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईबापांनी यांचं नाव उकर्डा ठेवलं होतं. मास्तरांनी हजेरीत ते उत्तम केलं, शेतात पाठवणाऱ्या बापाशी भांडून शाळेत ठेवलं, नागपूरला शिकायला धाडलं. "पानी मात्र मास्तरनं शेवटपर्यंत वरून ओतलं," ते म्हणाले. "ओंजळीत. चांगला मानूस." हे शेवटचे दोन शब्द ते टोमणा म्हणून बोलले नव्हते.

काकाजींनी इंगोल्यांनी सांगितलेलं सगळं केलं. दुकान, गोदाम, माजघर यांवरची माती उतरली, टिनं आली, भिंतींतून सळ्या गेल्या, बाहेरून लोखंडी पट्ट्या बसल्या. स्वयंपाकघर तेवढं राहिलं. त्याच्या डोक्यावर माती तशीच होती, आणि त्या वर्षी बाकीच्या छपरांना लागली नाही म्हणून सगळी नवी खारी माती त्याच्यावरच पडली.

पुढच्या वैशाखात सुमन मला म्हणाली, "बाई, चुलीमागची भिंत आतून बोलते." मी जाऊन कान लावला. भिंतीच्या पोटात माती घसरत होती. थांबायची, पुन्हा थोडी घसरायची. मोरीकडून ओल चढली होती. मी काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, जुन्या घरात उंदरं असतात." मी इंगोल्यांना सांगितलं. भिंत कुठं फुगली, ओल कुठपर्यंत आली, माती कशी वाजते, सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना कळलं होतं, हे मला दिसत होतं.

"नोटीस काढा," मी म्हटलं.

"न पाहता नोटीस काहाडता येत नाई, बाई. कायदा हाय."

कायद्याला इतका मान देताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. इंगोले मागच्या बोळातून शेजारच्या कुणाची तरी भिंत बघायला निघाले होते. सुमननं मागचं दार उघडलं.

"दादा, काकाजी मंडीत गेले. आत या. पाच मिन्टाचं काम हाय."

ते थांबले. दारातून चूल दिसत होती, आणि चुलीमागची भिंतही. पाऊल मात्र त्यांनी उचललं नाही.

"काकाजीनं बोलावलं का?"

"मी बोलावून राह्यली न."

"घर काकाजीचं हाय."

"भिंत माही हाय," सुमन म्हणाली. "दिवसभर तिच्यापाशी बसनारी मी. तुमी समद्याइचं नाव लिहिता, दादा. माहं लिहून जा. मंग तरी हे लोक ऐकतीन."

इंगोल्यांचा हात खिशात गेला. मला वाटलं, जातील. उंबरठा हातभर अंतरावर होता. मग त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि म्हणाले, "तुह्या सासऱ्याले सांग, दारात उभं राहून मले बोलाव म्हना. त्याच दारात. मंग येतो."

सुमननं दार लावून घेतलं. मी कपडे टाकून त्यांच्यामागे बोळात गेले. विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

"आत या, एवढंच. लई मोठं वाक्य नाई."

"आणि काकाजी ते म्हणेपर्यंत ती तिथंच बसेल?"

"भूकंप काई आजच येऊन नाई राह्यला, बाई."

उद्या भूकंप येईल म्हणून सगळ्या गावाची झोप उडवणारा माणूस मला हे सांगत होता. मला त्यांचा इतका संताप आला की मी तशीच परत फिरले.

संध्याकाळी रमेशनं भीत भीत वडिलांपुढं विषय काढला. काकाजी म्हणाले, "त्याच्या अटीवर? माह्या घरात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या नेहमीच्या गवंड्याला बोलावून फुगलेल्या भिंतीवर जाड गिलावा करून घेतला, वर चुना मारला. सुमनला म्हणाले, "घे, झाली तुही भिंत नवी." भिंत खरंच सुंदर दिसत होती. ओल्या गिलाव्याचं वजन तिच्या पोटावर आणखी पडलं, आणि आतली माती घसरायची ती ऐकू येईनाशी झाली.

भादव्यात झड लागली. दिवसेंदिवस उघडीप नाही, अंगणात चिखल, चुलीत ओली लाकडं. रविवार होता. पुरुषमंडळी जेवून दुकानात जाऊन बसली होती. आमच्याकडे बायका मागून जेवतात. सुमन चुलीपाशी स्वतःचं ताट वाढून घेऊन बसली होती. मी वर खोलीत वह्या तपासत होते. धान्याची पोती एकदम खाली टाकावीत तसा आवाज झाला. खाली दुकानात काकाजी ओरडले, "हळू टाका रे, पोती फाटतीन." दुकानातले हमाल म्हणाले, "काकाजी, आमी त बसून हाओत."

तेव्हा सगळे मागं धावले. माजघर जसंच्या तसं उभं होतं. सळ्या, पट्ट्या, टिनं, सगळं जागच्या जागी. त्याच्या पलीकडं स्वयंपाकघर नव्हतं, माती होती. हमालांनी हातांनी उपसली. ज्या हमालांना कधी माजघरापुढं येऊ दिलं नव्हतं त्यांनीच तिला बाहेर काढलं. तिचा जीव आधीच गेला होता. तोंडात घास तसाच होता. भूकंप वाशीमला तेव्हा आला नाही, त्यानंतरही मी होते तोवर आला नाही.

झड लागल्यापासून इंगोले रविवारीही घरं पाहायला वाशीमला येत; त्यांना कुणीतरी कळवलं. ते भिजत आले. सुमनला माजघरात ठेवून वर धोतर पांघरलं होतं. काकाजी चिखलात उभे होते. इंगोल्यांना पाहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आत या. पाहा."

हवं होतं ते वाक्य त्यांना मिळालं. ते आत गेले. आत म्हणजे ढिगाऱ्यावर. खाली बसून त्यांनी भिंतीच्या उरलेल्या पायात हात घातला, मूठभर काळा चिखल काढला, बोटांत चुरला. म्हणाले, "मोरीच्या पान्यानं पाया गेला. दोन टेकू लावले असते तरी उभी राह्यली असती. तेवढ्यात माती उतरवता आली असती."

अबोल रमेश बोलला. "त्या दिवशी तिनं बोलावलं तव्हा काहून नाई आले तुमी?"

इंगोले उठले. हातातला चिखल त्यांनी खाली टाकला आणि म्हणाले, "तुह्या बापाले इचार."

काकाजी चिखलात मटकन बसले. त्या क्षणी तिथं पहार असती तर मी ती इंगोल्यांच्या डोक्यात घातली असती. मेलेली मुलगी दहा पावलांवर होती आणि हा माणूस अजून हिशोब चुकता करत होता. रमेशला त्यांनी चूक सांगितलं असंही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

जऊळक्याला तार गेली आणि दुपारच्या गाडीनं मास्तर आले. म्हातारे, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात मोडकी छत्री. त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं, केसांतली माती बोटांनी काढली, खूप वेळ काढत राहिले. मग मान वर केली तर समोर दारात इंगोले उभे.

"उत्तम," मास्तर म्हणाले, "तू त इथंच होता न बापा?"

"हो मास्तर."

एवढंच.  मास्तर पुन्हा लेकीच्या केसांतली माती काढू लागले.

इंगोले लवकरच परत आपल्या सरकारी खात्यात निघून गेले. आम्ही पुन्हा भेटलो नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, सुमनला अग्नी दिल्यानंतर, स्टेशनवर. रमेशला उठवत नव्हतं, म्हणून मास्तरांना गाडीत बसवायला मी गेले होते. इंगोल्यांची रोजची गाडी तीच. ते फलाटावर पावसात उभे होते, शर्ट अंगाला चिकटलेला. डब्यात गर्दी नव्हती. मास्तर खिडकीपाशी बसले. त्यांना इंगोले दिसले. त्यांनी बाकावर सरकून जागा केली, ओली जागा उपरण्यानं पुसली आणि दाराकडे वळून म्हणाले, "उत्तम, भिजून कायले राह्यला? आत ये. बस माह्यापाशी."

इंगोल्यांनी दाराची दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवला, तसाच उभा ठेवला. इंजिनाची शिट्टी झाली. मास्तरांनी पुन्हा म्हटलं, "ये न बापा." गाडी हलली तसा त्यांनी पाय खाली घेतला, दांडी धरून डब्याच्या बरोबरीनं थोडे चालले, आणि मग हात सोडला. मास्तर खिडकीतून मागं बघत होते. शेजारच्या जागेवर त्यांनी हात तसाच ठेवला होता, दुसरं कुणी बसू नये म्हणून.